चीन कोणाचा दोस्त?

१० मार्च २०२३ रोजी सौदी अरेबिया आणि इराण यांनी बीजिंगमध्ये समझोता केला. सात वर्षांपासून तुटलेले राजनैतिक संबंध पुन्हा जोडायचे ठरले आणि मध्यस्थ होता चीन. तेव्हापासून आपल्या घरांतून, दिवाणखान्यांतून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: चीन मुसलमानांचा दोस्त आहे की दुश्मन? उत्तर देण्याआधी आपण थोडे मागे जाऊन पाहू.

१९४९ साली माओंच्या नेतृत्वाखाली नवा चीन उभा राहिला, तेव्हा तो जगात जवळजवळ एकटा होता. संयुक्त राष्ट्रसंघातली चीनची जागा तैवानच्या सरकारकडे होती आणि खरा आधार फक्त सोव्हिएत रशियाचा. चीनला मित्र हवे होते. १९५४ मध्ये त्याने भारताबरोबर पंचशील तत्त्वे मान्य केली. त्यातले एक तत्त्व असे की, एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही. हे तत्त्व ध्यानात ठेवू या, पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९५५ मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे आशिया-आफ्रिकेतले २९ देश जमले. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी आपल्या शिष्टमंडळात दा पुशेंग नावाच्या इमामसाहेबांना नेले होते आणि भाषणात त्याचा आवर्जून उल्लेखही केला. पुढच्याच वर्षी इजिप्तने चीनला मान्यता दिली. अरब देशांत तो पहिला.

पण वारे फिरले. १९६२ मध्ये भारताशी युद्ध झाले आणि रशियाशीही बिनसले. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत चीनने आपले राजदूत माघारी बोलावले. जागेवर राहिले ते फक्त कैरोचे. देशात मशिदींना कुलपे लागली. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघातली जागा मिळाली आणि १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगला आले. रशिया दोघांचाही प्रतिस्पर्धी, म्हणून कालचे वैरी जवळ आले.

१९७८ नंतर देंग शियाओपिंग यांनी क्रांतीची भाषा बाजूला ठेवून व्यापार हाती घेतला. ताकद झाकून ठेवावी, पुढे पुढे करू नये, हे त्यांचे धोरण. १९९० मध्ये सौदी अरेबियाशी आणि १९९२ मध्ये इस्रायलशी संबंध जोडले. १९९३ पासून चीनला विकण्यापेक्षा जास्त तेल विकत घ्यावे लागू लागले आणि आखाताचे महत्त्व वाढत गेले.

शी जिनपिंग यांच्या काळात झाकलेली ताकद उघड झाली. २०१३ मध्ये त्यांनी नव्या रेशीम मार्गाची योजना कझाकस्तान आणि इंडोनेशिया या दोन मुस्लिमबहुल देशांत जाहीर केली. पाकिस्तानातले ग्वादर बंदर चालवण्याचे काम चिनी कंपनीकडे आले, २०१७ मध्ये जिबुतीत लष्करी तळ सुरू झाला. २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले.

आता त्या जुन्या तत्त्वाकडे येऊ. शिनजियांगमधील उइगुर मुसलमानांना मोठ्या संख्येने छावण्यांत डांबल्याचे आरोप झाले. चीन म्हणतो, ती अतिरेकाविरुद्धची प्रशिक्षण केंद्रे होती. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२ च्या अहवालात तेथे मानवतेविरुद्धचे गुन्हे घडले असू शकतात, असे नमूद केले. त्यावर मानवाधिकार परिषदेत निदान चर्चा व्हावी, असा ठराव ऑक्टोबरमध्ये आला. बाजूने १७ आणि विरोधात १९ मते पडून तो फेटाळला गेला. विरोधात पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार आणि संयुक्त अरब अमिरात होते. मलेशिया आणि भारत तटस्थ राहिले. सोमालियाने मात्र ठरावाच्या बाजूने मत दिले.

म्हणजे 'ढवळाढवळ नको' या तत्त्वाने बळकट देशांच्या दादागिरीपासून दुबळ्या देशांना आधार दिला, हे खरे. पण त्याच तत्त्वाच्या आड प्रत्येक हुकूमतीला आपल्या घरातला जुलूम लपवता येतो. तेल, कर्ज आणि बंदरे यांच्या हिशेबात मजलूमांची किंमत शून्य होते. उइगुरांसाठी बोलणाऱ्या पाश्चात्त्य देशांपैकी कित्येकांची जीभ गाझाच्या बाबतीत अडखळली, हेही आपण पाहिले आहे.

तेव्हा चीन आपला दोस्तही नाही आणि दुश्मनही नाही. तो आपल्या गरजेने चालतो, आणि इतर सरकारेही बहुधा तशीच चालतात. सौदी-इराण समझोत्याने रक्तपात टळणार असेल, तर त्याचे स्वागत आपण मोकळ्या मनाने करावे. पण त्या आनंदात काशगरच्या एखाद्या आईला विसरू नये. सरकारांना हितसंबंध सांभाळायचे असतात. आपल्याला तसली मजबुरी नाही. जुलूम करणारा कोण आणि सोसणारा कोण हे न पाहता जुलूमाला जुलूम म्हणणे आपल्याला परवडते. घरातल्या मुलांना जगाच्या बातम्या समजावताना हेच माप त्यांच्या हाती देऊ या.