आळ आणि दान

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस चंद्रदर्शन करू नये, हा दंडक आपल्या घराघरांतून आजही कटाक्षाने पाळला जातो. तिन्हीसांज झाली की आजीबाई नातवंडांना अंगणातून आत बोलावतात, आणि चुकून कोणाची दृष्टी वर गेलीच तर स्यमंतक मण्याचे आख्यान ऐकवून त्या दोषाचा परिहार करतात. पण चंद्राने असा अपराध तरी कोणता केला होता? तो हसला, एवढाच. मूषकावरून घसरलेल्या गजाननाचे लंबोदर रूप पाहून आपल्या रूपाचा गर्व वाहणारा चंद्र हसला, आणि या तिथीस जो तुझ्याकडे पाहील त्याच्यावर खोटा आळ येईल असा शाप त्यास मिळाला. दुसऱ्याच्या देहाची टवाळी केल्याची ही शिक्षा आहे, हे आपण मुलांना सांगतो काय? आमच्या चाळीस वर्षांच्या कीर्तनसेवेत आम्हीही ते क्वचितच सांगितले. आळाची भीती सांगितली. हसण्याची लाज सांगावयाची राहून गेली.

हे स्मरण होण्यास निमित्त घडले ते येडगावकडील काही तरुणांचे. श्रीविघ्नहराचे ओझर आणि येडगाव यांत अंतर ते काय! कुकडीवर येडगावचे धरण झाले तेव्हापासून तर आम्ही एकाच पाण्याचे शेजारी. श्रावणातच ते तरुण आमच्या ओसरीवर येऊन बसले. म्हणाले, "बुवा, यंदा डीजे बंद. वाचलेली वर्गणी एचआयव्हीबाधितांना द्यायची असं मंडळानं ठरवलंय. तालुक्यातले पाच-दहा रुग्ण आम्ही शोधून काढतो. तुमचं कीर्तन झालं की त्यांना व्यासपीठावर बोलवू आणि तुमच्या हस्ते शिधा नि पाकीट देऊ. फोटो पेपरात आला की दुसरी मंडळंही शिकतील."

वाचकहो, अलीकडच्या तरुणांविषयी तक्रार करण्याचा आमच्या वयाच्या माणसांना एक छंदच जडला आहे. तो त्या दिवशी आम्हांस सोडावा लागला. कर्ण्यांच्या भिंती उतरवून त्याचे पैसे आजाऱ्याच्या मुखी घालावेत असे ज्यांच्या मनात येते, ती मुले गुणी होत. तथापि त्यांच्या बेताच्या पूर्वार्धास आम्ही होकार दिला आणि उत्तरार्धास साफ नकार दिला. मुले हिरमुसली. त्या नकाराचे कारण त्यांस सांगितले ते येथेही सांगणे आम्हांस प्राप्त आहे, कारण ते कारण म्हणजे आमच्याच हातून घडलेला एक अपराध आहे.

१९९९ सालचा गणेशोत्सव. कुकडीकाठच्याच एका गावी आमचे कीर्तन होते. गावाचे नाव आम्ही सांगणार नाही. गावातील एक ट्रकचालक त्या वर्षी या रोगाने गेला होता. मागे पत्नी आणि तान्हे मूल. दोघांच्याही रक्तात विषाणू निघालेला. त्या काळी यावरची औषधे गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. उत्तररंगास आम्ही सुदामचरित्र लावले होते. पोह्यांचा प्रसंग रंगला, श्रोत्यांचे डोळे पाणावले, आणि त्या भरात आम्ही व्यासपीठावरून त्या बाईचे नाव घेतले, रोगाचे नाव घेतले आणि म्हणालो, गावात सुदामा उपाशी असता द्वारकेचे सोने काय कामाचे! आरतीच्या तबकात दोन हजारांवर रुपये पडले. त्या काळी ती रक्कम लहान नव्हती. आम्ही कृतार्थ होऊन घरी परतलो.

महिन्याने त्या वाटेने जाणे झाले तेव्हा विचारपूस केली. बाईच्या दारी एक गाय होती, चार घरी दुधाचा रतीब होता. तो दुसऱ्याच दिवशी बंद झाला होता. पाणवठ्यावर ती आली की बाकीच्या बायका आपल्या घागरी बाजूला ओढून घेत. आम्ही तिच्या दारात उभे राहिलो तो तिने पैशांचे पाकीट तसेच्या तसे आमच्यापुढे ठेवले. म्हणाली, "बुवा, हे पैसे मी कुठल्या दुकानात मोडू? दुकानदारबी तुमच्या कीर्तनाला होता." आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे ती माहेरी निघून गेली. कीर्तनकाराची वाणी गोड असावी, असे आमचे गुरुजी सांगत. ती किती लांब पोहोचते याचाही विचार करावा, हे त्या बाईने शिकविले.

आता स्यमंतकाकडे पाहा. भागवताच्या दशम स्कंधातील छप्पन्नाव्या अध्यायातील ही कथा सर्वश्रुत आहे. मणी गळ्यात बांधून मृगयेस गेलेला प्रसेन परतला नाही, आणि त्याचा भाऊ सत्राजित एवढेच बोलला की, कृष्णानेच त्यास मारले असावे. पुरावा नाही, साक्षीदार नाही, नुसते 'असावे'. ते 'असावे' द्वारकेत कानोकानी फिरले. हा आळ धुऊन काढण्यास प्रत्यक्ष भगवंतास अरण्यात जावे लागले, जांबवंताच्या अंधाऱ्या गुहेत शिरावे लागले, अठ्ठावीस दिवस झुंजावे लागले. आणि बरोबर आलेले लोक बारा दिवस गुहेच्या तोंडाशी थांबून घरी परतले ते परतलेच. परब्रह्माची ही गत, तर ज्या बाईपाशी ना शस्त्र, ना सभा, ना उग्रसेनाचा दरबार, तिने आपल्यावरचा आळ कोणत्या गुहेत शिरून धुवावा?

आणि तो आळच होय. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त किंवा सुई, आणि बाधित मातेकडून बाळाकडे, या वाटांनी हा विषाणू जातो. यांत पतीकडून रोग आलेल्या पत्नीचा अपराध कोणता? मातेच्या उदरातूनच तो घेऊन आलेल्या बाळाचा कोणता? नारायणगाव ही तमाशाची पंढरी आणि तेथून पुणे-नाशिक महामार्ग जातो. त्यामुळे आमच्या भागात या रोगाचे नाव निघाले की बोटे कनातीकडे आणि ट्रककडे वळतात. बोट वळले की आपले घर पवित्र ठरले, असा हा सोयीचा न्याय आहे. आमच्या मते सत्राजिताचे 'असावे' ते हेच.

कोणी शास्त्री आम्हांस म्हणतील, अहो, हा ज्याच्या त्याच्या प्राक्तनाचा भोग. शास्त्राच्या अध्ययनात आमचेही केस पांढरे झाले आहेत. कर्मसिद्धान्त आपली खतावणी आपण तपासावी म्हणून सांगितला. शेजाऱ्याची वही उघडून वाचण्याचा अधिकार त्याने कोणास दिल्याचे आमच्या वाचनात नाही. उलट पुराणकथा काय सांगते? दक्षाच्या शापाने चंद्रास क्षय जडला. शाप त्याच्याच वर्तनाचा, रोग त्याच्याच देहाचा. प्रभासक्षेत्री तो शंकरास शरण गेला तेव्हा महादेवाने त्यास खोदून काही विचारले नाही; उचलून मस्तकी धारण केले. रोग्याला त्याहून उंच आसन त्रिभुवनात नाही. आमच्या गावचा देव तर याहून पुढे गेला. शरण आलेल्या विघ्नासुराने मागणे मागितले तेव्हा त्याचे नाव आपल्या नावाआधी लावून घेऊन तो विघ्नहर झाला.

प्रसाद, तीर्थ, पंगत यांविषयी भाविक घरांत अजूनही शंका आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. एका पंगतीत जेवल्याने, एका तांब्यातील पाणी प्यायल्याने, शेजारी बसल्याने, पाया पडल्याने वा डास चावल्याने हा रोग होत नाही. भारतात त्याचे निदान प्रथम १९८६ साली चेन्नईत झाले. याच पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरी येथे १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. आणि २००४ पासून सरकारी केंद्रांत यावरची औषधे विनामूल्य मिळू लागली. ती नेमाने घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणू तपासणीत सापडणार नाहीत इतके उणावतात, आणि ते तसे राहिले तर त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. बाधित मातेने वेळेवर उपचार घेतल्यास बहुतेक बाळे निरोगी जन्मतात. तो आता मधुमेहासारखा, नित्य औषध घेऊन वागविण्याचा विकार झाला आहे. देशात असे सुमारे २५ लाख लोक आहेत आणि संख्येने आपला महाराष्ट्र त्यांत सर्वांत पुढे आहे. तेव्हा तुमच्या आमच्या पंगतीत ते आजवर कधी जेवलेच नाहीत, असे समजण्याचे कारण नाही.

मग औषध फुकट असता मदत कसली, असे त्या तरुणांपैकी एकाने विचारले. प्रश्न चांगला होता. औषधासाठी खेड्यातील माणसाने केंद्रावर जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. एस.टी. महामंडळाने या रुग्णांस प्रवासात सवलत दिली आहे. परंतु ती घ्यायची तर कंडक्टरपुढे कार्ड धरावे लागते, आणि कंडक्टर शेजारच्याच गावचा असतो! संजय गांधी निराधार योजनेतून अनुदान मिळू शकते, पण अर्जावर रोगाचे नाव येते आणि अर्ज चार टेबलांवरून फिरतो. म्हणजे सवलत आहे, अनुदान आहे; ते घेताना नाव फुटू नये, याची सोय तेवढी नाही. आपल्या दानाने नेमकी हीच वाण भरून काढावी. एक तिकीट, एक दिवसाची मजुरी, अंडी-दूध-डाळ, मुलाची वह्यापुस्तके. कोणाला, हे न विचारता.

आपल्याकडे गुप्तदानाचा महिमा थोर. देणाऱ्याने नाव झाकावे, असा त्याचा अर्थ आपण घेत आलो. या दानात घेणाऱ्याचेही नाव झाकले पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. कायदाही आता तेच सांगतो. २०१७ साली संसदेने केलेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला एचआयव्ही व एड्स कायदा बाधित व्यक्तीची माहिती तिच्या संमतीवाचून उघड करण्यास मनाई करतो. आमच्या १९९९ च्या कीर्तनावेळी तो नव्हता. असता तर आम्ही दोषी ठरलो असतो, आणि ते योग्यच झाले असते.

येडगावच्या मुलांना आम्ही त्यांच्याच धरणाकडे बोट दाखविले. कुकडी प्रकल्पात माणिकडोह, डिंभे आदी धरणांचे पाणी येडगावात येते आणि तेथून डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, पार करमाळ्यापर्यंत जाते. करमाळ्याच्या शेतकऱ्याला ते पाणी माणिकडोहचे की डिंभ्याचे हे कळत नाही. आणि ते कोणाच्या बांधावर गेले हे येडगावच्या धरणाला ठाऊक नसते. आपल्या निधीनेही असेच वाहावे. एका गावाने आपल्या गावातील रुग्ण 'शोधून' काढू नयेत. दहा मंडळांनी आपला वाटा एकत्र करावा आणि जे हे काम वर्षानुवर्षे करीत आले आहेत त्यांच्या हाती सोपवावा. अशांची आपल्याकडे वाण नाही. पुण्यात विजयाताई लवाटे यांनी १९९७ साली सुरू केलेली 'मानव्य', अहिल्यानगरचे १९८९ पासूनचे 'स्नेहालय', पंढरपुरात मंगलताई शहा यांनी २००१ साली अनाथ बाधित बालकांसाठी उभारलेली 'पालवी'. माउलीच्या दर्शनाला निघालेल्या वारकऱ्यांपैकी किती जण या शेवटच्या दारावर थांबले असतील?

यावर एक आक्षेप असा आला की, घेणारा दिसला नाही तर लोक वर्गणी देणार नाहीत. आम्ही विचारले, देवाच्या पेटीत टाकलेला रुपया कोठे जातो हे कोण पाहतो? संस्थेचा वार्षिक हिशेब मागावा, जरूर मागावा. माणसाचा चेहरा मागू नये. लातूर जिल्ह्यातील हासेगावी रवी बापटले यांच्या 'सेवालया'तील मुले रंगमंचावर गाणी गाऊन आपल्या घरासाठी निधी जमवितात, मग ते कसे, असेही एकाने विचारले. ज्या मुलांना शाळेत बसू देण्यास २००९ साली पालकांनी विरोध केला होता, ती मुले आज आपण होऊन लोकांपुढे उभी राहतात, हे त्यांचे धैर्य आहे आणि तो निर्णय त्यांचा आहे. ज्याला उभे राहावयाचे आहे त्याच्यासाठी मांडवात पहिल्या रांगेत जागा ठेवावी. दुसऱ्याने त्यास ओढून आणू नये, इतकाच आमचा मुद्दा.

मुलांनी बराच वेळ आपसांत चर्चा केली. अखेर ठरले ते असे. आमचे कीर्तन ऋषिपंचमीच्या रात्री व्हावयाचे आहे. नारदीय परंपरेत आरतीच्या तबकात पडेल ते कीर्तनकाराचे. तबक नेहमीसारखे फिरेल, कसलीही घोषणा होणार नाही. त्यातील रक्कम आणि आमची बिदागी मंडळाने वेगळ्या काढलेल्या वर्गणीत मिळवली जाईल आणि सारी एकत्र संस्थेकडे जाईल. आसपासच्या आणखी काही मंडळांशी बोलण्याचे मुलांनी अंगावर घेतले आहे.

उठताना त्यांच्यातला एक जण थोडा अडखळला. "मग बुवा, फलकावर लिहायचं काय?"

"मंडळाचे नाव आणि कीर्तनाची वेळ," आम्ही म्हणालो. आख्यान स्यमंतकाचे लावले आहे.