लाटसाहेबांचा टेकडीवरचा वाडा

सिमल्याच्या पश्चिमेला देवदारांच्या गर्दीतून चढत गेले की ऑब्झर्व्हेटरी टेकडीवर एक करडी दगडी इमारत एकदम समोर उभी राहते. मनोरे, कमानी, उतरती छपरे. इंग्लंडमधल्या एखाद्या उमरावाची गढी कुणी उचलून हिमालयात आणून ठेवावी, असा थाट. हे एकेकाळचे व्हाइसरीगल लॉज, म्हणजे हिंदुस्थानच्या लाटसाहेबांचे उन्हाळी बिऱ्हाड!

१८६४ पासून उन्हाळा लागला की कलकत्त्याचे सरकार दफ्तरे बांधून सिमल्याला येई. लाटसाहेब मात्र बरीच वर्षे ‘पीटरहॉफ’ नावाच्या अडचणीच्या बंगल्यात दिवस काढीत. लॉर्ड डफरिन यांनी हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाकडून नवा वाडा आखून घेतला आणि स्वतः बांधकामावर जाऊन सूचना करण्याचा सपाटा लावला. कालका-सिमला रेल्वे आली १९०३ मध्ये. वाडा तर १८८८ मध्येच उभा राहिला. तेव्हा एवढे सामान डोंगरावर चढले ते बैलगाड्यांतून आणि खेचरांच्या, हमालांच्या पाठीवरून.

आत शिरताच नजर खिळते ती लाकडावर. तीन मजले उंच दिवाणखाना, भोवती सज्जे आणि रुंद जिना. यासाठी सागवान आणले ब्रह्मदेशातून. तो देश १८८६ मध्ये ब्रिटिश राज्यात सामील करून घेतला याच डफरिनसाहेबांनी. पुढे त्यांच्या किताबातही तिथल्या ‘आवा’ या जुन्या राजधानीचे नाव जोडले गेले. सागवानाला जोड म्हणून देवदार आणि अक्रोडही वापरला आहे.

वाड्यात तेव्हा अपूर्वाईची असलेली विजेची बत्ती होती. बटण दाबताच दिवा लागतो याची मौज लेडी डफरिन यांनी रोजनिशीत नोंदवली आहे. आजच्या गृहिणीला अधिक कौतुक वाटेल ते पाण्याच्या सोयीचे: हिरवळीखाली टाक्या बांधून त्यांत पावसाचे पाणी साठवीत. एवढा खटाटोप करूनही डफरिन कुटुंबाला येथे जेमतेम काही महिनेच राहायला मिळाले, कारण १८८८ च्या डिसेंबरात त्यांची कारकीर्दच संपली!

याच छताखाली १९४५ च्या जून-जुलैत लॉर्ड वेव्हेल यांनी हिंदी पुढाऱ्यांची परिषद भरवली. मुस्लिम सभासद नेमण्याचा हक्क एकट्या लीगचाच, या जीनांच्या हट्टावर ती मोडली. १९४७ च्या मे महिन्यात माउंटबॅटन यांनी सत्तांतराचा मसुदा खासगीत नेहरूंना दाखवला, तोही येथेच. त्यात देशाचे तुकडे पडण्याची बीजे दिसून नेहरू संतापले, व्ही. पी. मेनन यांना सिमल्यातच घाईघाईने नवा मसुदा तयार करावा लागला. फाळणी त्यातही होतीच.

स्वातंत्र्यानंतर हा वाडा राष्ट्रपतींचे निवासस्थान झाला. पण वर्षातले थोडे दिवस वापरायला एवढी वास्तू कशाला, असा विचार करून राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी ती विद्वानांच्या हवाली केली. १९६५ मध्ये तेथे भारतीय उच्च अध्ययन संस्था सुरू झाली. जेथे साहेब-मडमा नाचत, तेथे आता ग्रंथालयाची कपाटे आहेत. लाटसाहेबांच्या घराचा याहून चांगला उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

१९८७ मध्ये येथे अभ्यासासाठी आलेल्यांत एक ब्रह्मी विदुषी होत्या. ज्या देशाच्या सागवानावर हा वाडा सजला, त्या देशाच्या या लेकीचे नाव आँग सान स्यू ची. पुढच्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या.