ॲप आठवण करून देईल, लिहायचे हातानेच

जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेला पुण्यातूनही अनेक विद्यार्थी बसतात. व्याकरण वर्गात समजते; गाडी अडते ती कांजीपाशी. जपान सरकारच्या नित्य वापराच्या यादीत २१३६ कांजी चिन्हे आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच चिन्हांचे एकापेक्षा अधिक उच्चार. त्यामुळे ‘अंकी’सारख्या ॲपचा आधार घेतला जातो. या जपानी शब्दाचा अर्थच पाठांतर.

या ॲपमागे पक्के विज्ञान आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५मध्ये दाखवले, की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते, नंतर तो वेग मंदावतो. अंतर ठेवून उजळणी केली, की स्मरण टिकते. ॲप हा हिशेब सांभाळते. आठवलेले कार्ड काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी समोर येते. न आठवलेले लगेच. शिवाय नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून उत्तर देणे अधिक उपयोगी ठरते.

पण ॲपवर बहुधा फक्त ओळख तपासली जाते. ‘मात्सु’ म्हणजे वाट पाहणे आणि ‘मोत्सु’ म्हणजे हातात धरणे. दोन्हींच्या कांजींचा उजवा भाग अगदी सारखा, फरक डावीकडे. कार्डावर अंदाजाने उत्तर जमते; उताऱ्यात मात्र फसगत होते. हाताने लिहिणाऱ्याला ‘मोत्सु’च्या डावीकडे ‘हात’ आहे, हे विसरता येत नाही. फ्रान्समधील संशोधकांच्या २००८च्या अभ्यासातही टंकलेखनापेक्षा हाताने गिरवलेली नवी चिन्हे प्रौढांना अधिक अचूक ओळखता आली होती.

‘आता हाताने लिहितो कोण? जेएलपीटीतही लेखन नाही,’ असे म्हटले जाते. ते खरेच आहे. जपानी माणसेही आता टाइप करतात आणि अनेकांना कांजी लिहिताना अडखळायला होते. पण त्यांनी प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत वह्या भरून कांजी गिरवलेली असते. आजच्या अभ्यासक्रमात ती संख्या १०२६ आहे. हा पाया परदेशी विद्यार्थ्याकडे नसतो.

दुसरा धोका आकड्यांचा. ‘अंकी’त रोज वीस नवी कार्डे हे ठरलेले प्रमाण असते. चार दिवस खंड पडला, की उजळणीचा ढीग साचतो आणि अभ्यासच सुटतो. सलग किती दिवस ॲप उघडले, याला भाषाज्ञान म्हणत नाहीत.

म्हणून नवी कार्डे निम्म्यावर आणावीत. उत्तर उघडण्याआधी चिन्ह कागदावर लिहावे आणि प्रत्येक शब्दासोबत एक छोटे वाक्य ठेवावे. वेग कमी होईल, पण परीक्षेनंतरही काही हाती उरेल. उजळणी कधी करायची, हे ॲपने सांगावे. शिकण्याचे काम पेनाकडे आणि पुस्तकाकडेच राहू द्यावे.