महापौर म्हणजे मुंबईचा मुख्यमंत्री नव्हे

१/ मुंबई महापालिकेच्या मुख्यालयात सभागृह आहे, विरोधी पक्षनेता आहे, तिथे प्रश्न विचारले जातात, ठराव होतात. यावरून तिला ‘मुंबईची संसद’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. हे वर्णन चुकीचे आहे आणि ही चूक निरुपद्रवी नाही. (थ्रेड)

२/ संसदीय पद्धतीचे मर्म सभागृहाच्या देखाव्यात नसते. कार्यकारी सत्ता सभागृहातून जन्म घेते, त्यालाच उत्तरदायी राहते आणि त्याचा विश्वास उडाला की संपुष्टात येते. हीच कसोटी मुंबईला लावून पाहावी.

३/ तुलनेला गोवा घेऊ. मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आले. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिला. तिथे १९६३ मध्ये विधानसभा निवडली गेली आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १९७९ मध्ये शशिकला काकोडकर यांच्या सरकारने बहुमत गमावले आणि ते कोसळले. छोट्याशा वसाहतीला दोन दशकांच्या आत जबाबदार शासन मिळाले.

४/ मुंबईत आजही १८८८ चा महापालिका कायदा लागू आहे. त्यात महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त ही तीन प्रमुख प्राधिकरणे. कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे आणि आयुक्ताची नेमणूक पूर्वी गव्हर्नरच्या सरकारकडे, आता राज्य शासनाकडे. महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो. प्रशासन त्याच्या हाती नसते.

५/ या रचनेचे मूळ १८६५ मध्ये सापडते. त्या वर्षीच्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड हे आयुक्त झाले. त्यांनी शहराचा कायापालट आरंभला, पण खर्च इतका वाढला की करदाते संतापले. १८७१ मध्ये फिरोजशहा मेहता यांनी मांडलेली भूमिका मार्मिक होती : सभा करदात्यांनी निवडलेली असावी, मात्र कारभार एका जबाबदार अधिकाऱ्याकडेच राहावा.

६/ १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका आली. त्यांतील निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. १८८८ मध्ये सदस्यसंख्या ७२ झाली. प्रभागांतून निवडले जाणारे ३६. उरलेल्या जागा जस्टिस ऑफ द पीस, विद्यापीठ, चेंबर ऑफ कॉमर्स आणि सरकारनियुक्त सदस्य यांच्यात वाटल्या गेल्या.

७/ त्या काळच्या मानाने हे मोठेच पाऊल होते. परंतु ‘मेहतांनी मुंबईला स्वराज्य दिले’ हे वाक्य अर्धसत्य आहे. परळ-लालबागच्या चाळींत राहणारा सामान्य गिरणी कामगार करदाता नव्हता, म्हणून मतदारही नव्हता. प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक झाली ती १९४८ मध्ये.

८/ मतदार बदलला, रचना बदलली नाही. १९३१ मध्ये ‘अध्यक्ष’ हे पदनाम जाऊन ‘महापौर’ आले; तो बदल नावापुरताच होता. १९९८ मध्ये कार्यकारी सत्ता महापौर परिषदेकडे देण्याचा प्रयोग झाला आणि १९९९ मध्ये तो गुंडाळला गेला. कोलकात्यात मात्र अशी परिषद १९८० च्या दशकापासून काम करते आहे.

९/ आक्षेप ठरलेला असतो : नगरसेवकांच्या हाती कारभार दिला तर भ्रष्टाचार माजेल. पण सध्याच्या रचनेने भ्रष्टाचार रोखला, असे कोण म्हणेल? मोठी कंत्राटे स्थायी समिती मंजूर करते, अंमलबजावणी आयुक्त करतो. काम फसले की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. सत्तेची विभागणी झाली खरी, जबाबदारी मात्र कुणाच्याच पदरात पडली नाही.

१०/ आयुक्ताला हटवण्याची मागणी करण्यासाठी सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या पाच-अष्टमांश मते लागतात. गोव्याच्या विधानसभेत मुख्यमंत्र्याला घरी पाठवायला साधे बहुमत पुरते.

११/ या रचनेचे खरे रूप मार्च २०२२ मध्ये उघडे पडले. सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि आयुक्तच प्रशासक झाले. महापालिका व स्थायी समिती यांचे अधिकारही एकाच व्यक्तीकडे आले. तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवक नव्हते, तरी यंत्रणा अडली नाही. संसद नाहीशी झाली असती तर सरकार उरले नसते. इथे सरकार जसेच्या तसे उरले, कारण ते सभागृहातून आलेलेच नव्हते.

१२/ २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख, बृहन्मुंबईची सुमारे सव्वा कोटी. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा, म्हणजे गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाहून कितीतरी मोठा. तरीही दादर असो, गिरगाव असो वा लालबाग, प्रत्येक विभागाचा कारभार पाहणारा सहायक आयुक्त आयुक्ताला उत्तर देतो, मतदाराला नव्हे.

१३/ म्हणून ‘मुंबईची संसद’ हा शब्दप्रयोग टाकून द्यावा. जे मिळालेलेच नाही ते मिळाले आहे असे मानणारा समाज ते मागत नाही. मुंबईकराने मागायला हवे ते एवढेच : शहर चालवणारा माणूस शहराने निवडलेला असावा आणि शहराला त्याला घरी पाठवता यावे.