आबांना घरी बसवून आम्ही चूक केली

आज फवारणीचं काही नाही, थोडं घरातलं लिहितो. पण विषय शेतीचाच आहे.

आमचे आबा ७८ वर्षांचे. गेल्या मार्चमध्ये रात्रपाळीची लाईट होती. मक्याला पाणी द्यायला ते माझ्या आधीच उठून गेले आणि बांधावरनं घसरले. मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर आम्ही भावांनी ठरवलं, आता आबांनी रानात यायचं नाही. जन्मभर राबले, आता आराम करा म्हटलं. गावानंही आमचं कौतुक केलं.

दिवाळीपर्यंत काय झालं बघा. पोटऱ्या वाळल्या. ओट्यावरनं उतरायलासुद्धा हात धरावा लागायचा. जेवण निम्म्यावर आलं. दिवसा झोप, मग रात्री जाग, त्यात नातवंडांवर चिडचिड. आम्ही समजलो, वय झालं. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, हाड चांगलं जुळलंय, पण बसून बसून पाय गेलेत, यांना चालवा. खरं सांगतो, ऐकून लाज वाटली. उभ्या पिकाचं पाणी एकदम तोडल्यावर काय होतं ते आपल्याला कळतं, आणि घरच्या माणसाचं कळलं नाही.

तेव्हा माझं मत असं झालंय, की म्हाताऱ्या माणसाला रानातनं काढू नका, त्याचं काम बदला. रात्रीचं पाणी, फवारणी, बैल, शिडी ही कामं बंद म्हणजे बंद, त्यात लाड नाही. पण सकाळी ऊन चढायच्या आत दोन-तीन तास रानात फेरी, बियाणं निवडणं, शाळूची राखण, शेळ्यांकडं बघणं एवढं जमतं. आम्ही लिंबाखाली खुर्ची टाकली, हातात काठी दिली, विहिरीकडची वाट सरळ केली. पाण्याची बाटली जवळ ठेवतो आणि आठवण करून देतो, कारण या वयात तहानच कमी लागते. त्यात लघवीला सारखं उठावं लागतं म्हणून ही माणसं मुद्दाम कमी पितात.

जेवणाचं म्हणाल तर दात नाहीत म्हणून आबा चहात भाकरी कुस्करून खायचे आणि आम्ही म्हणायचो, जेवले. त्यानं अंगात ताकद कुठनं येणार? आता मऊ शिजवलेली मटकी, मुगाचं घट्ट वरण, दूध, अंडं असं चालू केलंय. दिवाळीनंतर सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट झालं. महिनाभर धुळीपासून जपलं. तसं बघितलं तर मार्चमध्ये पडले ते दिसत नव्हतं म्हणूनच, असं मला आता वाटतं. ७० वर्षांपुढच्यांना उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मानचं कार्ड निघतं, घरटी वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. आधार कार्ड घेऊन जा आणि काढून ठेवा. आजारी पडल्यावर पळापळ नको.

हे झालं बाप्यांचं. आईला मात्र आराम करा असं कुणी म्हटलंच नाही. तिचं वय ७२. गुडघे धरून खुरपते, वर नातवंडं, पाणी, चूल. घरात बसवायचं ते फक्त आबांना, आणि ही जायबंदी होईपर्यंत राबणार, हा कुठला न्याय? मीही त्यातलाच, म्हणून लिहितोय. आता तिला बसून करायची कामं देतो. ती ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी.

अजून एक बोलतो, राग आला तर येऊ द्या. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये म्हाताऱ्यांच्या खात्यावर येतात, पण पासबुक कुणाच्या खिशात असतं? तंबाखूच्या पुडीला पोराकडं हात पसरायला लागला की माणूस खचतो. कोणाच्या घरी फारच हाल चालले असतील तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फुकट नंबर आहे, तो त्यांना सांगा.

आज सकाळचंच सांगतो. आबा शाळूत उभे होते, मला हाक मारली, म्हणाले, "पानं चमकायला लागलीत, खाली बघ." बघितलं तर पानामागं मावा, चिकटा पडायला सुरुवात झालेली. मी त्याच सरीतनं काल दोनदा गेलो होतो. फोटो काढलाय, खाली टाकतो. जाणकारांनी बघून सांगावं, आत्ताच फवारायचं का चार दिवस थांबायचं. आबा थांब म्हणतायत.