फटफटी फटफटली पाहिजे

गेल्या रविवारी पुण्याहून आमच्या भाचेबुवांचा फोन आला. (ते हे वाचतात, म्हणून नाव घेत नाही. घरच्यांना कळायचे ते कळेलच.) म्हणाले, "मामा, चौऱ्याहत्तर झाली तुम्हाला. आता जावा चालवणं पुरे. टाकीचा रंगही उडालाय तिच्या. मी तिला परत एकदा चकाचक करून घेतो आणि आपण ती दिवाणखान्यात उभी करू. आला-गेला बघत राहील."

फोनवर मी "बघू" म्हणालो. मास्तरकीच्या सवयीप्रमाणे खरे उत्तर सावकाश, लिहून देतो आहे.

माझी जावा १९६८ सालची. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातली. तिथे १९६१ पासून गाड्या निघत होत्या, १९७३ पासून त्यांना येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. मी ती १९७८ मध्ये साडेतीन हजाराला, अर्थातच जुनी, घेतली. तेव्हा मी मेढ्याला शाळेवर होतो, बिऱ्हाड साताऱ्यात. एसटी चुकली की पहिला तास बुडायचा. जावा आल्यावर बुडाला नाही. पावसाळ्यात प्लग ओला व्हायचा, तो काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायचा आणि पुढे निघायचे. मागे सौ. बसायच्या, मांडीवर भाजीची पिशवी. त्यांना जाऊन आता नऊ वर्षे झाली.

निवृत्तीच्या सुमारास गाडी पडवीत उभी राहिली ती दहा वर्षे. मग २०१९ मध्ये मनात आले की ती पुन्हा रस्त्यावर आणावी. एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या कारागिराकडे दिली. (नाव इथेही नको.) पाच महिने आणि पंच्याऐंशी हजार रुपये लागले. गाडी आली तेव्हा डोळे दिपले. टाकीच्या क्रोममध्ये माझी टोपी दिसत होती. अंगणात तिसऱ्या किकला सुरू झाली, शेजारीपाजारी जमले, पेढे वाटले. बिलावर लिहिले होते, 'इंजिन ओव्हरहॉल, उत्तम चालू स्थिती'.

पुढच्या आठवड्यात नातवाला मागे बसवून वाईला गेलो आणि तिथून पाचगणीकडे, पसरणी घाटाने. घाट निम्मा चढला नसेल, एवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला. कोरडा, पत्र्यावर नख ओढल्यासारखा. मी क्लच दाबायला आणि पिस्टन धरायला एकच गाठ पडली. अर्धा सेकंद उशीर झाला असता तर मागचे चाक जागीच आवळले असते. मागून एसटी येत होती. नातू अकरा वर्षांचा.

टेम्पोत घालून गाडी साताऱ्याला आणली आणि आमच्या जुन्या मेस्त्रींनी इंजिन उघडले. आत काय होते? क्रँकची ऑइल सील पन्नास वर्षांपूर्वीचीच, वाळून पापड झालेली. ज्यांना टू-स्ट्रोकची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. या इंजिनात पेट्रोल, ऑइल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँकच्या कोठडीत जाते आणि तिथून वर पिस्टनच्या डोक्यावर. कोठडी हवाबंद राखण्याचे काम सीलचे. सील गेली की तिथून फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, पिस्टनला ऑइल कमी आणि उष्णता जास्त मिळते. अंगणात दोन मिनिटे चालवली तर यातले काहीच कळत नाही. घाटात, दोन माणसांच्या ओझ्याखाली कळते.

आणखी ऐका. ब्लॉक झिजून अंडाकृती झालेला, त्यात फक्त नव्या रिंगा घातलेल्या. माझे मूळ सायलेन्सर गायब. त्यांच्या जागी बाजारातली चकचकीत नक्कल, आतल्या जाळ्या नावापुरत्या. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाचाच अवयव असतो, मागे फेकला जाणारा दाब त्याच्या पोटातल्या रचनेवर अवलंबून असतो, हे त्या कारागिराला ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. ठाऊक होते. पण गिऱ्हाईक बाहेरून बघते हेही त्याला ठाऊक होते.

माझे भांडण आहे ते इथे. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत 'उत्तम चालू स्थिती' हे शब्द आज 'सुसंस्कृत घराण्यातील' या शब्दांइतके स्वस्त झाले आहेत. रंग, निकेल, नवी सीट, टाकीवर सोनेरी रेघ, आणि वर किंमत लाख-दीड लाख. सुरू होते का? होते. चालते का? हा प्रश्न विचारणारा अरसिक ठरतो. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाल्यांचा दिवस असतो, मीही एकदा हौसेने गेलो होतो. सगळ्यात लखलखीत दोन गाड्या टेम्पोतून उतरल्या आणि संध्याकाळी टेम्पोतच चढल्या. त्यांच्याभोवती फोटोंसाठी झुंबड. कोपऱ्यात एक रंग विटलेली येझदी उभी होती, तिचा मालक दीडशे किलोमीटर चालवत आला होता. त्याला कुणी पाणीही विचारले नाही.

कुणी म्हणेल, ज्याचा पैसा त्याची हौस, मास्तर, तुमचे काय जाते? माझे काय जाते ते सांगतो. मूळ सुटे भाग जाहिरातीच्या गाड्यांत जाऊन बसतात आणि चालवणाऱ्याला नकली मिळतात. माझे सायलेन्सर कुणाच्या तरी दिवाणखान्यात आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दुसरे म्हणजे, गाड्या बिघडेनाशा झाल्या की मेस्त्री संपतात. आमच्या मेस्त्रींचा मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर आहे हे मेस्त्री बोटाच्या नखाने सांगतात आणि मग फीलर गेज लावून आपल्याला खात्री करून देतात. हे ज्ञान चालत्या गाडीवर शिकले जाते, काचेआडच्या नाही. आणि तिसरे, ते लेबल खरे मानून कुणीतरी नातवाला मागे बसवतो.

सरकारचीही तऱ्हा बघा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांपुढच्या दुचाकी-चारचाकींसाठी 'व्हिंटेज'चे नियम काढले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरणाला ५,०००, पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे. सन्मान म्हणून ठीक. पण अट अशी की गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढेच. म्हणजे दुरुस्तीला न्या, पण दुरुस्त झाल्यावर मंडईत नेऊ नका! माझी जावा वयाने बसते त्यात. मी ती अक्षरे घेतली नाहीत. साधी नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करतो. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी ३०० वरून १,००० झाली, तीही निमूट भरली.

आता धुराचा मुद्दा. तो खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. टू-स्ट्रोकमध्ये थोडे मिश्रण न जळताच बाहेर निसटते, ती रचनेतलीच खोट आहे. शहरातल्या प्रत्येकाने उद्यापासून जावा चालवावी असे मी म्हटले तर मला वेड्यात काढा. मी आठवड्यातून दोन सकाळी चालवतो. लिटरला मोजून ४० मिली ऑइल, तेही कमी धुराचे. पूर्वी पंपावरचा पोऱ्या अंदाजाने ओतायचा, अर्धा धूर त्या अंदाजाचा होता.

आणि उभी ठेवली म्हणजे गाडी जपली, हा तर मोठाच गैरसमज. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते. महिनोन्‌महिने टाकी तशीच राहिली तर तळाशी पाणी बसते, पत्रा आतून गंजतो. कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये पेट्रोलचा चिकटा धरतो. सील वाळतात. जुनी रबरे इथेनॉलने फुगतात हे खरे, म्हणून मी ती सगळी बदलून घेतली. दिवाणखान्यातल्या गाडीची कोण बदलतो?

तर आमच्या मेस्त्रींनी काय केले ते थोडक्यात. क्रँक कोल्हापूरला पाठवून उघडला, नवा रॉड आणि बेअरिंग घातले, लेथवर डायल लावून सरळ केला. ब्लॉकला बोअर मारून ओव्हरसाइझ पिस्टन. सगळी सील नवी. खर्च एकोणीस हजार, त्यातली मेस्त्रींची मजुरी मीच आग्रहाने वाढवलेली. रंगाला त्यांनी हात लावला नाही. पहिले हजार किलोमीटर चाळिशीच्या वर गेलो नाही, ऑइल जरा जास्त घातले. मग एका पहाटे मेस्त्रींना मागे बसवून पुन्हा पसरणी घाट चढलो. वर पोचल्यावर ते म्हणाले, "बंद करा, गुरुजी." गरम इंजिन, लगेच सुरू झाले तर खरे. जावाचा तो एकच दांडा, किकचाही तोच आणि गिअरचाही तोच. आत दाबून वर वळवला आणि मारला. पहिल्या किकला. मेस्त्रींनी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

तेव्हापासून टाकीवर पेट्रोल सांडून सांडून रंग उडाला आहे. भाचेबुवांच्या डोळ्यांना खुपतो तो हाच. मला तो खुपत नाही. पडल्यावर माझे हाड सहज मोडेल, ही त्यांची काळजी मात्र खरी आहे. म्हणून गेल्या वर्षापासून अंधारात आणि पावसात काढत नाही, आणि नातवाला मागे घेत नाही. आता तो सतरा वर्षांचा आहे. अजून गिअरच्या गाडीचे लायसन्स नाही, पण पॉइंट घासायला शिकला आहे. पुढच्या वर्षी लायसन्स निघाले की चालवणारा तो आणि मागे बसणारा मी.

तेव्हा भाचेबुवा, दिवाणखान्यात हवे तर कपाट ठेवा. तुम्हाला करायचेच असेल तर एक काम करा. पुण्यात जुन्या बाजारात १९७० च्या आधीच्या जावाचे मूळ सायलेन्सर, आतल्या जाळ्यांसकट, कुठे दिसले तर किंमत न विचारता मला फोन करा. बाहेरून गंजलेले असले तरी चालतील.