शेवट ठाऊक आहे, मग?

एखादी अद्भुतकथांची मालिका पुरी होते. नायक पोचायचा तिथे पोचतो, दुष्ट मरतो, वाचक शेवटचा खंड मिटून कपाटात ठेवतो. आणि काही वर्षांनी लेखक मधल्या काळातलं आणखी एक पुस्तक काढतो: चौथ्या खंडानंतरचं आणि पाचव्याच्या आधीचं. मग जाणत्या वाचकांचा प्रश्न ठरलेला असतो. याची गरज होती का? मराठीत हा प्रश्न विचारताना सूर जरा जास्तच चढतो, कारण लांबण हा आपल्याकडे कलेतला दोष न राहता चारित्र्यातला दोष झाला आहे. ‘पाल्हाळ’ हा शब्द आपण ज्या चवीने वापरतो ती पाहावी. लेखकाने पाल्हाळ लावलं म्हटलं की खटला संपला, आरोपीची बाजू ऐकायचं कारण उरत नाही.

मी ती बाजू मांडते आहे, आणि लखनौत बसून मांडते आहे. या शहराला या प्रश्नाचा जितका अनुभव आहे तितका इतर कुठल्या शहराला असेल असं मला वाटत नाही.

हजरतगंजात नवलकिशोर रोड नावाचा रस्ता आहे. मुन्शी नवलकिशोर यांनी 1858 मध्ये लखनौत छापखाना काढला आणि पुढे तो उर्दू-फारसी पुस्तकांचा देशातला मोठा कारखाना झाला. या छापखान्याने 1871 मध्ये अमीर हमजाची दास्तान एका खंडात छापली. अब्दुल्ला बिलग्रामींनी ती सिद्ध केली होती, आणि तिच्या आधारासाठी 1855 मध्ये कलकत्त्यात छापलेली गालिब लखनवींची प्रत होती. (हे गालिब म्हणजे दिल्लीचे मिर्झा नव्हेत.) या एका खंडात हमजाचा जन्म आहे, पराक्रम आहेत, परीलोकातला मुक्काम आहे आणि शेवटी उहुदच्या लढाईतलं हौतात्म्यही आहे. म्हणजे कथा संपली. नायक मेला, आणि तोही इतिहासाला साक्ष ठेवून मेला; पैगंबरांच्या काकांना पुन्हा जिवंत करण्याची सोय कुठल्याच लेखकाला नव्हती.

बारा वर्षांनी, 1883 मध्ये, त्याच छापखान्यातून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चा पहिला खंड बाहेर पडला. लेखक मुहम्मद हुसेन जाह. हमजाच्या आयुष्याच्या ऐन मध्यावर घडणारी ही कथा. पहिले चार खंड जाह यांनी लिहिले, नंतर ते बाजूला झाले आणि अहमद हुसेन कमर यांनी उरलेले लिहून 1893 मध्ये सातवा खंड पुरा केला. आठ हजारांहून अधिक पानं झाली. मग शेख तसद्दुक हुसेन आणि इतर जण कामाला लागले आणि होशरुबाच्या आधीचे, नंतरचे, अधलेमधले खंड येत राहिले. विसाव्या शतकाची पहिली काही वर्षं उलटेपर्यंत हे चाललं आणि एकूण 46 खंड झाले. यात मालिका कुठे संपली आणि मधलं पुस्तक कुठे सुरू झालं हे आक्षेपकांनी मला दाखवून द्यावं.

त्याहून अडचणीची गोष्ट पुढे आहे. अकबराच्या चित्रशाळेने हमजाच्या कथेवर सुमारे 1400 चित्रं काढली, पण होशरुबा ही त्या जुन्या फारसी परंपरेतून आलेली वस्तू नव्हे. अभ्यासकांच्या मते ती या भागातल्या दास्तानगोंची भर आहे, आणि तिच्या रचनेचं श्रेय मीर अहमद अली या कथेकऱ्याला दिलं जातं. म्हणजे संबंध दास्तानीतला सर्वांत लाडका भाग हाच मुळात घुसवलेला भाग आहे. गरजेचा निकष लावला असता तर तो पहिल्याच दिवशी बाद झाला असता.

आक्षेपकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. मधल्या पुस्तकात काही घडूच शकत नाही, असं ते म्हणतात. कोण जगतो, कोण मरतो, हे पुढच्या खंडात आधीच छापलेलं आहे. लेखकाला घरातलं सामान हलवायची मुभा आहे, पण जाताना प्रत्येक वस्तू होती तिथे ठेवून जायचं. मग जीव टांगणीला लागणार कुणाचा?

उत्तर होशरुबाच्या रचनेत आहे. तिलिस्म म्हणजे जादूने बांधलेला मुलूख. त्याला राजा असतो, कायदे असतात, आणि तो कधी व कुणाच्या हातून मोडणार हेही ठरलेलं असतं. होशरुबाचा बादशहा अफरासियाब. हमजाचा मुलगा बदीउज्जमान शिकारीच्या नादात या मुलखात शिरतो आणि अडकतो, तेव्हा भविष्य पाहिलं जातं आणि हा तिलिस्म जिंकणार कोण त्याचं नाव निघतं: हमजाचा नातू असद. हे सुरुवातीलाच! सात खंड पुढे पडलेले असताना लेखक शेवट सांगून मोकळा होतो आणि ऐकणारा तरीही उठत नाही. कारण शेवट कळल्याने त्याचं काही अडत नाही. त्याला पाहायचं असतं की आज रात्री अमर अय्यार कुठल्या वेषात शिरणार, आपल्या झंबीलीत, म्हणजे त्या कधीच न भरणाऱ्या पिशवीत, काय काय कोंबणार, आणि त्याच्यावर कोण मात करणार.

यात हमजा कुठे आहे? तो बहुतेक वेळ सरहद्दीबाहेर आपल्या छावणीत आहे, लका नावाच्या तोतया देवाच्या पाठलागात गुंतलेला. मुलखात जे चाललं आहे ते असद, अमर आणि त्या मुलखातल्याच माणसांचं. महरुख आणि बहार या जादूगारणी आपल्या बादशहाशी फारकत घेऊन शत्रूला मिळतात. अफरासियाबची बेगम हैरत मात्र नवऱ्याच्या बाजूने उभी राहते. यांच्यापैकी कुणाचंही पुढे काय होणार हे 1871 च्या खंडात छापलेलं नव्हतं. टांगणीला लागलेले जीव हे. मालिकेच्या नायकाला छावणीत बसवून ठेवल्यामुळे मधलं पुस्तक मोकळं झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे: मधलं पुस्तक कुणाचं आहे ते आधी विचारा. आधीच्याच नायकाचं असेल तर आक्षेपकांचं बरोबर. दुसऱ्या कुणाचं असेल तर गरजेचा प्रश्न गैरलागू, कारण नव्या माणसाला जन्माला येण्यासाठी जुन्यांची परवानगी लागत नाही.

हे लखनौपुरतं आहे असं मराठी वाचकाने समजू नये. अहिरावण-महिरावणाची कथा आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? रामलक्ष्मणांना झोपेत पळवून पाताळात नेलं जातं, देवीपुढे बळी देण्याची तयारी होते आणि मारुती जाऊन सोडवून आणतो. वाल्मीकींच्या रामायणात ही कथा नाही. युद्ध रंगात आलेलं, रावण अजून जिवंत, आणि नेमक्या त्या फटीत कुणीतरी हे अख्खं प्रकरण बसवलं. आपल्याकडे ते श्रीधराच्या ‘रामविजया’तून घरोघर पोचलं. राम बळी जाणार नाही हे पोथी ऐकणाऱ्या शेवटच्या पोरालाही ठाऊक होतं. पण या प्रकरणात राम असहाय आहे आणि कथा मारुतीची आहे. पोथी लावून बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणी ‘हे प्रकरण अनावश्यक आहे’ म्हणून उठून गेल्याचं मी ऐकलेलं नाही. ‘पाल्हाळ’ हा दोष म्हणून शिकवणारे आपण नंतरचे.

एकनाथांच्या ‘भावार्थ रामायणा’चं उदाहरण इथे कुणी देईल. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापाशी नाथांचं लेखन थांबलं आणि पुढचं गावबाने पुरं केलं. ते वेगळं काम. तिथे खरंच काहीतरी राहिलं होतं.

आता आजच्या बाजाराकडे. स्टीफन किंग यांनी ‘द डार्क टॉवर’ ही सात खंडांची मालिका 2004 मध्ये संपवली आणि 2012 मध्ये ‘द विंड थ्रू द कीहोल’ हे चौथ्या-पाचव्या खंडांच्या मधलं पुस्तक आणलं. त्यात रोलंड आणि त्याचे सोबती वादळात अडकून एका जागी बसतात. रोलंड आपल्या तरुणपणची एक हकिकत सांगतो, आणि त्या हकिकतीतला तरुण रोलंड एका घाबरलेल्या पोराला टिम नावाच्या मुलाची गोष्ट सांगतो. पुस्तकाचा गाभा म्हणजे ही टिमची गोष्ट. मनोऱ्याचं कुठलंही कोडं इथे सुटत नाही. वादळ ओसरतं, मंडळी उठून चालू लागतात. मालिकेला याची काय गरज होती? काहीच नाही. पण टिमची गोष्ट मला मालिकेतल्या कित्येक लढायांपेक्षा जवळची वाटते. लखनौच्या दास्तानगोंकडे यासाठी शब्दप्रयोग होता: दास्तान रोकना. कथा पुढे न नेता धरून ठेवायची, आणि ऐकणाऱ्याला जागेवरून हलू द्यायचं नाही. ती हुन्नर समजली जायची. आपल्याकडे कैसरबागेत भातखंड्यांच्या नावाच्या संगीत विद्यापीठात, 1926 पासून, हेच वेगळ्या नावाने शिकवलं जातं आहे. समेवर यायचं आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी बढत रद्द करत नाही.

दुसऱ्या टोकाला स्टेफनी मायर यांचं ‘मिडनाइट सन’. 2005 च्या ‘ट्वायलाइट’मधली कथा 2020 मध्ये पुन्हा, या वेळी नायकाच्या तोंडून. जे त्याच्या मौनात होतं ते सगळं बोलून दाखवलेलं. इथे मी बिनशर्त आक्षेपकांच्या रांगेत उभी आहे. नवा माणूस नाही, नवा मुलूख नाही, फक्त खुलासा.

होशरुबाच्या बाबतीतही असं वळण आलं. नवलकिशोर 1895 मध्ये वारले. 1897 मध्ये, तिलिस्म मोडून आणि अफरासियाब मरून चार वर्षं झाल्यावर, कमर यांच्या नावावर ‘बकिया-ए-तिलिस्म-ए-होशरुबा’चे दोन खंड आले. बकिया म्हणजे आपला शब्द ‘बाकी’. त्या खंडांच्या गुणदोषांत मी शिरत नाही, पण नावातलं वचन मला खटकतं. हिशेबात काही राहून गेलं होतं, ते आता चुकतं करतो, असं ते वचन आहे. वाचक हा सावकार आणि लेखक त्याचा देणेकरी, ही समजूत जिथे शिरते तिथे मधल्या पुस्तकाचं मातेरं होतं. आजच्या बहुतेक पुरवण्या याच समजुतीवर छापल्या जातात: अमक्याला जखम कशी झाली, तमक्याची तलवार आली कुठून.

माझ्या कसोटीला एक पुस्तक मात्र अडतं, ते सांगायला हवं. बनारसचे देवकीनंदन खत्री यांनी ‘चंद्रकांता संतती’ संपवल्यावर तिच्यातल्या भूतनाथ या पात्राचं पूर्वायुष्य लिहायला घेतलं. 1913 मध्ये ते वारले आणि पुढचे भाग मुलगा दुर्गाप्रसाद यांनी लिहिले. भूतनाथ मूळ नायक नाही, तेव्हा माझ्या नियमाने पुस्तक पास व्हायला हवं. पण ‘संतती’त त्याची सगळी जादू त्याच्या न सांगितलेल्या भूतकाळात होती, आणि तीच इथे खर्ची पडते. तरी मी ते वाचलं, आणि अर्ध्या रात्रीपर्यंत वाचलं. नियम राहू दे बाजूला.

पैशासाठी लिहिलं, हा शेवटचा टोमणा. होशरुबाही पैशासाठीच लिहिली गेली. छापखानदार व्यापारी होता, लेखक रोजगारावर होते, आणि जाह आणि कमर यांच्यातली चढाओढ काही वाङ्मयीन तत्त्वांवरून नव्हती. फरक वेगळ्या जागी आहे. तेव्हा हमजा कुणाच्या मालकीचा नव्हता. मीर अहमद अलीने मुलूख रचला, जाह यांनी तो लिहिला, कमर यांनी त्यांच्या हातून काढून घेतला, तसद्दुक हुसेन आजूबाजूची जमीन कसत राहिले. ज्याच्या कथेला लोक बसतील त्याचं मधलं पुस्तक टिकेल. आज कुलूप एकाच्या हातात असतं, लेखकाच्या किंवा त्याच्या वारसांच्या किंवा कंपनीच्या. म्हणून त्यांनी काढलेलं पुस्तक भिकार असलं तरी अधिकृत ठरतं, आणि एखाद्या वाचकाने रचलेला उत्तम मुलूख चोरीचा माल ठरतो. भांडायचंच तर आक्षेपकांनी या कुलपाशी भांडावं. त्यात मी त्यांच्यासोबत येईन.

46 खंड सगळेच सोनं आहेत असा माझा दावा नाही. चाळीस हजारांवर पानांत रटाळ पानं भरपूर असणार. शम्सुर्रहमान फारूकी यांनी कित्येक वर्षं खर्चून हे खंड एकत्र जमवले, वाचले आणि त्यांच्यावर लिहिलं, तोवर उर्दूतल्या जाणत्यांनीही या पसाऱ्याला ‘पाल्हाळ’च्या अर्थाचीच नावं ठेवली होती. आता महमूद फारूकी आणि त्यांच्या सोबत्यांनी 2005 पासून दास्तानगोई पुन्हा मंचावर आणली आहे. पांढऱ्या अंगरख्यातले दोघे जण गादीवर बसतात आणि होशरुबातला एखादा तुकडा उचलतात. प्रेक्षकांतल्या फार थोड्यांनी आधीचं काही वाचलेलं असतं. तरी अमर अय्यार वेष पालटून आला की सभागृह हसतं.

मराठीत कुणी हे काम हाती घेणार असेल तर माझी सूचना आहे: पहिल्या खंडापासून क्रमाने जाऊ नका. लखनौने 1883 मध्ये जिथून सुरुवात केली तिथूनच करा, बदीउज्जमान हरणामागे धावत सरहद्द ओलांडतो तिथून.